‘क्रीक व्ह्यू’चे जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या अंकात आजकाल बातम्या शोधाव्या लागतात. आधी निळंशार पाणी, मग फ्लेमिंगो, मग बाल्कनीत कॉफीचा मग धरून बसलेलं जोडपं आणि खाली नवी मुंबईतल्या पत्त्यावरचा ‘क्रीक व्ह्यू’ थ्री बीएचके. तक्रार नाहीये माझी, पेपर चालवायला जाहिराती लागतात हे कळतं. पण ही जाहिरात जळगाव-भुसावळच्या आवृत्तीत का येऊन राहिली, याचा विचार करा जरा. गिऱ्हाईक इथलं आहे म्हणून. पोरगं मुंबईत नोकरीला, सून पण कमावती, आणि डाऊन पेमेंटचा पैसा मात्र रावेर-यावलच्या केळीत नाहीतर चोपड्याकडच्या वावरात. बिल्डर लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून तर जळगावच्या हॉटेलात येऊन प्रदर्शनं लावतात, चहा-कचोरी देतात, गोड बोलतात आणि संध्याकाळपर्यंत टोकनचे चेक गोळा करून मोकळे होतात.

मला एवढंच सांगायचंय की घर घ्या, नवी मुंबईतच घ्या, चांगलं शहर आहे, रस्ते मोठे, पाणी भरपूर, आपल्यासारखं नळाला किती दिवसांनी पाणी येईल याची वाट बघत बसावं लागत नाही. पण पाणी दिसतं म्हणून जे वरचे पैसे आपले लोकं मोजून राहिले ना, ते कशाचे मोजून राहिले हे एकदा कागद घेऊन बसून बघा. माझं मत विचाराल तर ते देऊ नका. त्याच पैशात स्टेशनच्या जवळ दहा मिनिटांवर, मागच्या बाजूचा, ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आलेला तयार फ्लॅट बसतो आणि तोच घ्यावा.

माझा भाचा तिकडे नेरुळला राहतो, पाम बीच रोडच्या टॉवरमध्ये, खाडीच्या बाजूला. मी रिटायर झाल्यापासून वर्षातून दोन-चारदा जाणं होतं. कल्याण नाहीतर ठाण्याला उतरायचं, मग ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल, हातात भरताची वांगी आणि कळण्याच्या पिठाची पिशवी. त्याचं रोजचं रूटीन बघतो मी. आम्ही भुसावळवाले जन्माचे अपडाऊनवाले, अर्धं गाव सकाळी जळगावला जातं आणि संध्याकाळी परत येतं, त्यामुळे प्रवासाचं कौतुक किंवा भीती आपल्याला नाही. पण हार्बर लाईनला फास्ट लोकल नसते हे जाहिरातीत कोणी छापत नाही. प्रत्येक स्टेशन घेत घेत नेरुळहून सीएसएमटीला तासभर तरी जातो. भाच्याचं ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), म्हणजे कुर्ल्याला उतरा आणि मग रिक्षासाठी ती मारामारी. पावणेआठला घरातून निघतो आणि रात्री नऊच्या आत येत नाही. आणि रात्री नऊला खाडी कशी दिसते सांगू का, काळी. रस्त्याचे लाईट दिसतात आणि पलीकडे लांब काहीतरी लुकलुकतं, बस. तो व्ह्यू दिवसा बघणारे दोनच जण, एक भांडीवाली मावशी आणि दुसरा मी. दोघांपैकी एकही ईएमआय भरत नाही.

आता सांगतील की अटल सेतू झालाय, वीस मिनिटांत मुंबई. झालाय खरा, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, जवळपास २२ किलोमीटरचा पूल आहे, बघण्यासारखा आहे. पण तो उतरतो शिवडीला, आणि कारला एका फेरीचा २५० रुपये टोल घेऊन सुरू झाला. रोज ऑफिसला त्यावरून जाणारा माणूस वेगळा आणि आपलं लोकलचा पास काढणारं पोरगं वेगळं. त्या पुलाचे, नवी मुंबईच्या नव्या एअरपोर्टचे पैसे मात्र रेटमध्ये दोघांकडूनही घेतात.

बरं व्ह्यूची दिशा बघा. पाम बीच रोडला खाडी कुठे आहे? पश्चिमेला. म्हणजे खाडीकडे तोंड असलेला हॉल आणि मास्टर बेडरूम दोन्ही पश्चिमेला. अहो आपण भुसावळचे लोकं, पंचेचाळीस डिग्री पाहिलेली माणसं, आपले बाप-आजे पश्चिमेच्या भिंतीला खिडकी ठेवत नव्हते, ठेवली तर बाहेर निंब लावायचे. आणि तिकडे पश्चिमेचं ऊन थेट अंगावर घेण्यासाठी स्क्वेअर फुटाला जास्त पैसे देतात! मार्चपासून चार वाजले की भाच्याकडे पडदे लावून एसी चालू. व्ह्यू पडद्यामागे. पावसाळ्यात तर उलटाच ताप, वारा नैऋत्येकडून येतो, पाऊस आडवा मारतो, स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी भरतं आणि तिथून ते आत भिंतीत उतरतं. मी स्वतः जुनी बनियन त्या ट्रॅकमध्ये कोंबून बसलेलो आहे. गॅलरीतल्या ग्रिलवरून हात फिरवला की तांबडी भुकटी हाताला लागते, खाऱ्या हवेनं. एसीचं बाहेरचं युनिट ज्या लोखंडी स्टँडवर असतं त्याचे बोल्ट गळायला आले होते, मेकॅनिक म्हणे काका इकडे सगळ्यांचंच असं होतं, कॉइल पण खाते ही हवा. सोसायटीला बाहेरून रंग पण लवकर काढावा लागतो आणि ते पैसे मेंटेनन्समधून जातात. हे सगळं ब्रोशरमध्ये नसतं.

फ्लेमिंगोचं पण सांगतो, कारण जाहिरातीत तोच हिरो आहे. पक्षी खरे आहेत, मी पाहिले आहेत, हिवाळ्यापासून मे पर्यंत असतात, ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलंय आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, पण नाव आलं. पण तो पक्षी येतो चिखलासाठी. ओहोटीला जो काळा चिखल उघडा पडतो, त्यातलं शेवाळ आणि किडे तो खातो. आणि तो चिखल उघडा पडला की वास कसा येतो ते बाल्कनीत कॉफी पिणाऱ्या त्या जोडप्याला विचारा. सेल्सवाला पोरगा तुम्हाला साईट दाखवायला नेमका भरतीच्या वेळी नेतो, ही माझी शंका नाही, खात्रीच झालीय आता. भरती-ओहोटीचं टाईमटेबल मोबाईलवर मिळतं, ओहोटीच्या वेळी जाऊन उभं राहा, एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी डासांच्या टायमाला.

आता मुद्द्याचं. समोर दिसणारं पाणी आणि तुमची बाल्कनी यांच्या मध्ये जी जमीन आहे ती कोणाची? तुमची नाही, सोसायटीची नाही, बहुतेक वेळा बिल्डरची पण नाही. मध्ये खारफुटी असेल तर नशीब समजा, कारण मुंबई हायकोर्टानं २०१८ मध्ये सांगितलंय की खारफुटी तोडता येणार नाही आणि तिच्या भोवती ५० मीटरमध्ये बांधकाम नाही, म्हणजे ती हिरवी झाडी हीच व्ह्यूची खरी गॅरंटी. गंमत अशी की सेल्सवाला तीच झाडी दाखवून म्हणतो, सर हे सगळं क्लिअर होणार आहे, जॉगिंग ट्रॅक येणार आहे. क्लिअर झालं की तिथे जॉगिंग ट्रॅकच येईल कशावरून? नेरुळच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि इमारतींचा प्लॅन झाला होताच की, तो २०१८ ला हायकोर्टानं रद्द केला आणि मग भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. आणि मध्ये जर मोकळा प्लॉट असेल तर मग विषयच संपला. आमच्या ओळखीतल्या एकानं सातव्या मजल्यावर पाणी दिसतं म्हणून जास्तीचे पैसे दिले, बिल्डरचं नाव घेत नाही, पझेशन मिळेपर्यंत समोरच्या प्लॉटवर दुसऱ्याचा टॉवर उभा. आता त्याला समोरच्या बिऱ्हाडाचा टीव्ही दिसतो. भांडायला गेला तर म्हणे समोरचा प्लॉट आमचा नव्हताच आणि ॲग्रीमेंटमध्ये व्ह्यू हा शब्द कुठे आहे दाखवा. नव्हता. म्हणून त्या एरियाचा डेव्हलपमेंट प्लॅन बघा, समोरच्या प्लॉटवर कशाचं आरक्षण आहे ते बघा, आणि सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारी, रेषा कुठून जाते ते आर्किटेक्टला पैसे देऊन विचारा, व्ह्यूच्या पैशापेक्षा त्याची फी कितीतरी कमी असेल. ब्रोशर आणि पेपरची जाहिरात फेकू नका, रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा जो कायदा आहे त्याच्या कलम १२ मध्ये खोट्या जाहिरातीवर विश्वास ठेवून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते.

पैशाचा हिशोब आता. समजा ९०० फूट कार्पेटचा (आतल्या वापरायच्या जागेचा) फ्लॅट आणि व्ह्यूसाठी फुटाला हजार रुपये जास्त. हे वेगवेगळ्या नावानं येतं, पीएलसी म्हणजे मोक्याच्या जागेचा आकार म्हणतात, फ्लोअर राईज म्हणजे वरच्या मजल्याचा म्हणतात, प्रीमियम म्हणतात. झाले ९ लाख. बांधकाम चालू असेल तर त्यावर ५ टक्के जीएसटी, त्यावर स्टॅम्प ड्युटी सहा-सात टक्के. आणि हेच ९ लाख लोनवर घेतले तर साडेआठ टक्क्यानं वीस वर्षांत पावणेएकोणीस लाख परत करावे लागतात. आणखी एक, रेराच्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, म्हणजे ज्या डेकवर बसून खाडी बघायची तो कार्पेटच्या बाहेर, त्याचे पैसे वेगळे लावले की रेटमध्ये घुसवले ते विचारून घ्या.

दोन कोटींचा फ्लॅट म्हटला तर बँक त्यातले जास्तीत जास्त ७५ टक्के देते, ७५ लाखांच्या वरच्या लोनला आरबीआयचा नियमच तो आहे. म्हणजे पन्नास लाख तुमचे. वर जीएसटीचे दहा लाख, स्टॅम्प ड्युटीचे बारा-चौदा लाख, रजिस्ट्रेशन ३० हजार. पंच्याहत्तर लाखांच्या आसपास रोख उभे करायचे आणि मग फर्निचर. ओसी आलेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी शून्य, तिथेच दहा लाख वाचले. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे २०२१ पासून, दोन कोटींवर दोन लाख झाले, पण आपल्याकडे हे सांगितलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. सुनेच्या नावावर? जाऊ द्या, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

तर हे पंच्याहत्तर लाख कुठून येतात? पोराच्या सेव्हिंगमधून थोडे, आणि बाकीचे आप्पांनी वावर काढून. आमच्या नातेवाईकात गेल्या काही वर्षांत चार बिघे, पाच बिघे असे किती विकले गेले मोजायला नको. विका, ज्याचं त्यानं बघावं, पण त्यातही कागद आहेत. वडिलोपार्जित जमीन असेल तर बहिणींचा हिस्सा आहे, २००५ च्या कायद्यानं मुलगी मुलासारखीच हिस्सेदार. मग काय होतं, फ्लॅटच्या हप्त्याची तारीख जवळ आली की बहिणीला फोन जातो, ताई जरा सही करायला ये तहसीलला, हक्कसोडपत्र करायचंय, भाऊबीजेला बघू तुझं. एका घरात मी बसलो होतो तेव्हाचं सांगतो, ताई आली, सही केली, आणि उठता उठता एवढंच म्हणाली, दादा मला तो फ्लॅट दाखव तरी एकदा. सगळे हसले. माझ्याच्यानं हसवलं गेलं नाही. आणि जमीन नगरपालिकेच्या हद्दीला लागून असेल तर कॅपिटल गेन टॅक्स लागू शकतो, हद्दीपासून लांबच्या शेतजमिनीला लागत नाही, किती किलोमीटर ते त्या नगरपालिकेच्या लोकसंख्येवर असतं, तर सौद्याच्या आधी सीएकडे जा, नंतर नाही. बापाच्या नावची जमीन विकून पोराच्या नावावर घर घेतलं की सूट मिळेल का, हे पण तेव्हाच विचारून घ्या.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना नवीन वाटते. बहुतेक जमीन सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, लीजवर (भाडेपट्ट्यानं) दिलेली, आपल्यासारखा सातबारा नाही. जुना फ्लॅट घ्याल तर सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस कोण भरणार, आधीच्या मालकाच्या नावावर ट्रान्सफर झालेलं आहे का, सोसायटीच्या नावावर लीज डीड आहे का, हे बघावं लागतं. आणि शहराचा बराच भाग भराव टाकलेला, भरतीच्या पातळीपेक्षा सखल. त्यासाठी धारण तलाव केलेत, भरती आली की खाडीकडची झडपं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं, फार हुशारीची सिस्टिम आहे. पण त्या तलावांमध्ये गाळ भरला, त्यात खारफुटी उगवली, आणि खारफुटी काढायची तर कोर्टाची परवानगी लागते. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की मग बेसमेंटमधल्या गाड्यांचं काय होतं ते तिथल्या वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो.

इकडचे हसतील की बरं झालं आम्ही नाही घेतला. जास्त हसू नका. जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला काय भाव झाले ते बघा, आणि तापीच्या, गिरणेच्या काठाला ‘रिव्हर टच’ प्लॉट विकून राहिले त्यांचे बोर्ड हायवेला लागलेत. तिथे तर आणखी सोपं आहे विचारायला, पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा कुठे आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे एकदम उघडले की तापी कुठपर्यंत येते हे काठावरच्या म्हाताऱ्यांना पाठ आहे, प्लॉट विकणाऱ्याला नसतं. धुळ्याच्या लोकांना पांझरा नदीचं वेगळं सांगायला नको.

संपादक साहेब, तुमच्याकडे मागणी एकच. १ ऑगस्ट २०२३ पासून घराच्या जाहिरातीत महारेराचा (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर आणि क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. तुमच्या पानावर तो असतो, नाही असं नाही, पण कोपऱ्यात तांदळाएवढा असतो आणि आमच्या मोबाईलला तो स्कॅन होत नाही. तो मोठा छापायला लावा तुमच्या जाहिरात विभागाला. स्कॅन केला की प्रोजेक्टवर किती केसेस आहेत, पझेशनची तारीख किती वेळा वाढवली, सगळं तिथे दिसतं, आणि आपल्या म्हाताऱ्यांना नाही जमलं तर नातवाला जमेल.

आणि मागच्या प्रदर्शनात ज्यांनी टोकन दिलंय त्यांनी घाबरू नका. ॲग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत, रेराचं कलम १३ आहे, कितीही गोड बोलला तरी देऊ नका. अलॉटमेंट लेटर मिळालं असेल तर त्याच्यावरची तारीख आजच बघा, महारेराच्या नमुन्याप्रमाणे १५ दिवसांच्या आत रद्द केलं तर काही कापत नाहीत, नंतर मात्र टक्क्यानं कापायला सुरुवात होते. फोनवर सांगून उपयोग नाही, लेखी द्या आणि पोच घ्या.

आपला,
एक रिटायर्ड रेल्वेवाला,
भुसावळ